ह्यात कोण नाही?

कुठलाही फोटो हातात दिला की ती आधी डावा डोळा मिटायची. मग मान तिरकी करून, बोहारीण जुनं लुगडं उजेडात धरून बघते तसा तो फोटो खिडकीकडे धरायची आणि विचारायची, "ह्यात कोण नाही?"

आपण कुणाला फोटो दाखवतो तेव्हा आपली काय अपेक्षा असते, तुम्हीच सांगा. समोरच्याने "हे कोण, ते कोण" विचारावं, आपण बोट ठेवून सांगावं, शेवटी "किती छान आलाय" म्हणून फोटो परत द्यावा. चहा येईपर्यंतचा वेळ जातो. ही बाई मात्र जे दिसत नाही त्याच्यामागे लागायची.

माझ्या मुलीच्या लग्नातला मोठा फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिने तोही असाच बघितला.

"सगळे आहेत," मी म्हणालो.

"कोणी सांगितलं?" हे तिचं दुसरं ठरलेलं वाक्य.

आतून पोहे घेऊन येणारी माझी बायको शोभा दारातच थांबली आणि म्हणाली, "वन्सं नाहीयेत त्यात." झालं. आमच्या जिजाजींना फेटा उशिरा बांधला, म्हणून ते रुसून गाडीत जाऊन बसले होते आणि त्यांना समजवायला ताई गेली होती. तेवढ्यात फोटोवाल्याने उरकून घेतलं. इतकी वर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि आमच्या कुणाच्या लक्षात नव्हतं. आता तिकडे बघितलं की मला त्यात नसलेली ताईच आधी दिसते.

मी विम्याच्या दाव्यांची पाहणी करणारा सर्व्हेअर होतो. जळालेल्या गोदामात नाकाला रुमाल लावून उभं राहायचं आणि आग कशी लागली यापेक्षा ती कोणी लावली असेल, याचा विचार करायचा. संशय घेण्याचाच पगार मिळायचा म्हणा ना. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, सवय राहिली. त्यामुळे ती शेजारी राहायला आली तेव्हा मला जातभाई भेटल्याचा आनंद व्हायला हवा होता. उलट मी तिच्यावर जरा जास्तच नजर ठेवली. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

ती आमच्या शेजारच्या दीपकची बायको. इंदूरच्या राजेंद्र नगरात आमची आणि त्यांची भिंतीला भिंत. दीपक अमेरिकेत नोकरीला गेला, तिकडेच त्याने लग्न केलं. लग्नाला त्याचे आईवडील गेले नाहीत, कारण कुसुमकाकूंनी विमानात बसायला साफ नकार दिला होता. "मी नाही येणार तुझ्या अमेरिकेला. पाय जमिनीवर असलेले बरे," एवढंच त्या म्हणायच्या आणि त्यांच्यामुळे नानांचंही राहिलं. मग नाना गेले. काकू एकट्या पडल्या, तेव्हा दीपक बायकोला घेऊन परत आला. तो घरातूनच कम्प्युटरवर तिकडचं काम करायचा. ती चित्रं काढायची.

आता चित्रं काढणारी परदेशी बाई अमेरिका सोडून राजेंद्र नगरात का येईल? कॉलनीने तपास करून निकालही दिला. घर विकायला आलेत. सहा महिन्यांत इथे मल्टीचा, म्हणजे फ्लॅटच्या उंच बिल्डिंगचा, बोर्ड लागतो की नाही बघा. मीही मान डोलावली. जुनं एकमजली घर, कोपऱ्याचा प्लॉट, म्हातारी आई. पुरावा सगळा एकाच बाजूला पडत होता.

तिचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कॉलनीत ते कुणालाच धड म्हणता येत नव्हतं. कुणी मेक्सिकोवाली म्हणायचं, कुणी स्पॅनिश वहिनी. मी एकदा सरळच विचारलं की तुम्ही नेमक्या कोण.

"अमेरिकेत मी मेक्सिकन," ती म्हणाली. "मेक्सिकोत गेली तर अमेरिकन. घरी आजी सांगायची, आपण स्पॅनिश. शुद्ध."

"आणि खरं काय?"

डावा डोळा मिटला. "आजीला कोणी सांगितलं, भिया?"

तिचं मराठी दीपककडून आणि काकूंकडून आलेलं, म्हणजे अस्सल इंदुरी. त्यात "मतलब" होतं, "क्या है ना" होतं आणि सगळ्या पुरुषांना "भिया" होतं. गंमत म्हणजे तिची स्पॅनिशही अशीच अर्धी होती. तिच्या आईच्या लहानपणी शाळेत स्पॅनिश बोललं की मार बसायचा, म्हणून आईने मुलांना ती शिकवलीच नाही. सीमेपलीकडचे नातेवाईक तिचं बोलणं ऐकून हसायचे. हे ऐकल्यावर मी तिला आमच्या पुण्याच्या मावसभावाची गोष्ट सांगितली. मी तोंड उघडलं की तो म्हणतो, "अरे, मराठीत बोल ना!" इकडे ऑफिसात जन्मभर मी "वो मराठी वाले साहब". ती इतकी हसली की तिचा चहा बशीत सांडला.

"म्हणजे तुमचं पण अर्धंअर्धंच," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिने माझ्यावर थोडा विश्वास टाकला. म्हणजे पूर्वी चहा हुंगून प्यायची, ती आता तसाच प्यायला लागली.

तिच्या घरात मात्र दोन संशयी बायका एका छताखाली होत्या. काकूंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सून आल्यापासून साखरेच्या डब्याच्या कपाटालाही कुलूप. सुनेने गच्चीवरची खोली चित्रांसाठी घेतली आणि तिलाही कुलूप. काकू तिला सूनबाई म्हणत नसत, नावानेही हाक मारत नसत. त्यांच्या तोंडी ती "दीपकची" होती. "दीपकची आज जेवली नाही." "दीपकचीने दरवाजा उघडा टाकला."

"अरे सुरेश," काकू मला कुंपणापाशी बोलावून म्हणायच्या, "ती दीपकची वर काय करते दिवसभर? जरा बघून ये नी."

आणि तासाभराने ती यायची. "भिया, आई माझ्याबद्दल काय बोलते? खरं सांगा, झूठ नको."

मी दोघींनाही थोडंथोडं सांगायचो. दोन्ही पक्षांचा हेर होण्याचं सुख काय असतं, ते निवृत्त माणसालाच कळेल.

पहिला भडका उडाला तो नानांच्या पायांवरून. ती संपूर्ण घराण्याचं चित्र काढत होती आणि त्यात नाना हवेच होते. पण नानांना तिने बघितलं होतं ते फक्त व्हिडिओ कॉलवर. फोन धरायची आपल्या पिढीची पद्धत तुम्हाला माहीत आहे. नाना तिला कायम कपाळ आणि अर्धा चष्मा एवढेच दिसले. फोटोंवरून तिने हनुवटी, खांदे, हात जमवले. पण फोटोत नाना एकतर खुर्चीमागे उभे किंवा टेबलामागे बसलेले. मग ती गल्लीत ज्याला त्याला विचारत सुटली, "नानांचे पाय कसे होते?"

समोरच्या दबीरबाईंनी संध्याकाळपर्यंत ते चार गल्ल्यांत पोचवलं. मेलेल्या माणसाचे पाय हिला कशाला हवेत? भुताचे पाय उलटे असतात, ते तपासायचं असेल. काहीतरी करणीबिरणी चाललेली दिसते. शेवटी काकूंनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"सुरेश, हिला ह्यांचे पाय कशाला पाहिजेत रे?"

"चित्रात काढायचे आहेत, काकू."

"पाय काय काढायचे? लोक चेहरा काढतात."

मी म्हटलं, तिला माणूस अख्खा हवा असतो. काकू किल्ल्या चाचपत आत गेल्या.

पाठोपाठ चैत्र आला. काकूंकडची चैत्रगौर म्हणजे आमच्या कॉलनीतली बघण्यासारखी गोष्ट. पायऱ्यापायऱ्यांची आरास, खेळणी, करंज्या, कलिंगडाची कापलेली कमळं. नाना गेल्यावर काकूंनी गौर बसवली नव्हती. कुंकवाच्या करंड्याला त्यांनी पुन्हा हात लावला नव्हता. शोभाने आणि इतर बायकांनी परोपरीने सांगितलं, की आता हे कुणी मानत नाही. काकूंनी ऐकलं नाही. आता घरात सवाष्ण सून आली, तेव्हा गौर तिने बसवायची असं ठरलं. काकू स्वयंपाकघरातून हुकूम सोडणार आणि ती बाहेर मांडणार.

तिने मांडली, आणि झकास मांडली. रंगांच्या बाबतीत तिला भीडभाड नव्हती. गुलाबी शेजारी केशरी, त्याला लागून तोतापुरी हिरवा. पण सगळ्यात वरच्या पायरीवर, गौरीच्या उजव्या हाताला, तिने नानांचा फोटो ठेवला. त्याला झेंडूची माळ. पुढे वाटीत लसणाची शेव, नानांच्या आवडीची.

तिच्या आजोळी वर्षातून एकदा अशीच पायऱ्यांची आरास करतात आणि त्यावर गेलेल्या माणसांचे फोटो, फुलं, त्यांचं आवडतं खाणं ठेवतात. ती माणसं त्या दिवशी घरी येतात अशी समजूत. पायऱ्या त्याच, फुलं तीच, तिला वाटलं सणही तोच. शोभा सांगते, बायका एकेक करून आत आल्या आणि आराशीसमोर जागच्या जागी थांबल्या. हळदीकुंकवाला आणि माळ घातलेला नवऱ्याचा फोटो! दबीरबाईंनी तर ओटीत घेतलेले हरभरे सांडले.

त्या शांततेत तिने सगळ्यांकडे बघितलं, डावा डोळा मिटला आणि म्हणाली, "ह्यात कोण नाही?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. काकू आत मोरीपाशी पाटावर बसल्या होत्या.

"आई का नाही बाहेर? घर तिचं, गौर तिची."

आतून काकूंचा आवाज आला, "डाळ वाढ सगळ्यांना. पन्हं गरम होतंय."

बायका गेल्यावर काकूंनी तिला फोटोवरून असं काही सुनावलं की आमच्या बैठकीत शब्दन्‌शब्द ऐकू आला. आई बाहेर का नाही, ह्या प्रश्नाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. शोभाने मात्र एक गोष्ट बघितली. आरास आवरताना शेवेची वाटी रिकामी होती. ती कोणी खाल्ली याचा शोध मी लावला नाही. हळदीकुंकू म्हणून दीपक बाहेर गेला होता, घरात त्या वेळी दोघीच होत्या, आणि दीपकच्या बायकोला लसूण चालत नव्हता.

आता तिच्या कामाच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ती घराण्याचं चित्र एका कापडावर काढत नसे. तिच्या गावाकडे लाकडाच्या फळ्यांवर देवादिकांची चित्रं काढतात. तिने तेच माणसांसाठी घेतलं. पातळ प्लायवुडच्या, दाराएवढ्या उंच, अरुंद फळ्या. एका फळीवर एक माणूस, खऱ्या उंचीचा. त्या भिंतीला लावून ओळीने उभ्या करायच्या. तिची आई, तिची आजी, दीपक, नाना, काकू, दीपकची आत्या, सगळे एका रांगेत. कोणी कोणाशेजारी उभं राहायचं हे शेवटपर्यंत ठरत नसे. ती रोज फळ्या सरकवून बघायची.

एक दिवस ती माझ्याकडे आली. फार गंभीर होती. "भिया, वर कोणीतरी येतं. फळ्या हलतात."

"कुलूप असतं ना?"

"किल्ली खाली खिळ्याला असते. काल आई आत्याच्या बाजूला होती. आज आत्या एकदम कोपऱ्यात. दाराच्या मागे."

सर्व्हेअरला काम मिळालं. मी वर गेलो. फरशीवर प्लायवुड सरकवल्याचे ओरखडे होते, म्हणजे फळ्या उचलल्या नव्हत्या, ओढल्या होत्या. ज्याने ओढल्या त्याच्यात ताकद कमी. फळ्यांच्या कडांवर बोटांचे ठसे होते, तेही खालच्या बाजूला. म्हणजे माणूस बुटका. आणि खोलीत रंगांच्या वासात दुसरा एक वास मिसळला होता, महानारायण तेलाचा. गुडघेदुखीमुळे दोन पायऱ्याही चढत नाहीत असं सांगणारी एकच व्यक्ती त्या घरात होती. नणंदेला दाराआड ढकलण्याचं कारणही तिच्याकडेच होतं, ते मला लग्नकार्यांतून पाठ होतं.

तपास पूर्ण झाला. अहवाल मी कोणालाच दिला नाही.

दोन दिवसांनी काकू कुंपणापाशी आल्या तेव्हा त्यांच्या टाचेला निळा रंग लागला होता. "पायाला काय लागलं, काकू?" मी विचारलं. "नीळ," काकू म्हणाल्या. "कपड्यांची." आणि पाय साडीत ओढून घेतला.

माझा अंदाज आहे, तिलाही कळलं असावं. कारण गच्चीच्या जिन्यावर मधल्या वळणाला अचानक एक स्टूल आलं. रंगाचे डबे ठेवायला, असं ती म्हणाली. डबा मी त्यावर कधी बघितला नाही. दुपारी ती रंग आणायला म्हणून बाहेर पडायची, तेही आता ठरल्या वेळेला. आणि खिळ्यावरची किल्ली खालच्या खिळ्यावर आली, काकूंच्या हाताला लागेल अशी.

असं बिनबोलण्याचं भांडण महिनाभर चाललं असेल. काकू दुपारी माणसं हलवायच्या, ती संध्याकाळी परत लावायची. कधी लावायचीही नाही. आत्याबाई दाराआडच राहिल्या. आणि एके दिवशी नानांच्या फळीपुढे, जिथे पायांची जागा कोरी सोडलेली होती, तिथे तिला चपला दिसल्या. कोल्हापुरी, टाचेकडे बाहेरच्या बाजूने झिजलेल्या. काकूंच्या कपाटात कुलुपाआड ठेवलेल्या. त्या चपलांपुढे फरशीवर बसून तिने नानांचे पाय काढले, फेंगडे, अंगठा जरा वर उचललेला. मी नानांच्या मागून वर्षानुवर्षं फिरायला गेलो आहे. ते पाय बघून मला भरून आलं.

नंतर एका दुपारी मी आमच्या गच्चीवर पापड बघायला गेलो, तर काकू त्यांच्या जिन्यावरच्या स्टुलावर बसलेल्या. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून चिडतील. पण त्या रडत होत्या. नाना गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं.

"काय झालं, काकू?"

"तिने सगळ्यांना काढलंय रे. ह्यांना काढलं, मला काढलं. नाक जरा मोठं काढलंय, पण ठीक आहे. तिच्या आजीला काढलं. ती स्वतः कुठे आहे?"

"म्हणजे?"

"मतलब ती नाहीये त्यात! मी रोज जाऊन बघते. आज काढेल, उद्या काढेल. नाहीच काढत. अरे, ज्याला राहायचं असतं तो माणूस आपली जागा धरतो. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतो. हिने रुमालसुद्धा नाही टाकला." काकूंनी पदराने डोळे पुसले. "ही जाणार, सुरेश. दीपकला घेऊन जाणार. मग मी भांडू कोणाशी?"

मल्टीचा संशय आमचा होता. काकूंचा संशय हा होता, आणि मला तो आमच्यापेक्षा पक्का वाटला. पुरावा तर समोरच उभा होता.

मी त्याच संध्याकाळी तिला गाठलं. हेरगिरी बाजूला ठेवून सरळ विचारलं, "ह्यात कोण नाही?"

ती दचकली. तिचाच प्रश्न तिला पहिल्यांदा कोणी विचारला असावा. मग तिने तिच्या आजीच्या घरातल्या एका फोटोबद्दल सांगितलं. आजी लहान असताना काढलेला, चौकटीत लावलेला. गोरीशी मुलगी खुर्चीत बसलेली आणि तिच्या खांद्यावर कोणाचा तरी हात. सगळ्यांनी तो फोटो जन्मभर बघितला, हात कोणाचा हे कोणी विचारलं नाही. आजी गेल्यावर काच बदलायला चौकट उघडली, तर फोटोचा अर्धा भाग मागे दुमडलेला निघाला. त्यात हाताची मालकीण होती. सावळी, अंगावर शाल घेतलेली, शेतावर राबणारी बाई. आजीची आई. शुद्ध स्पॅनिश घराण्यात ती बसत नव्हती, म्हणून दुमडली.

"तेव्हापासून मी सगळ्यांना बसवते," ती म्हणाली. "पण स्वतःला कशी बसवू? शोभाताई म्हणाल्या, हळदीकुंकवाला बुलावा आल्याशिवाय जात नाहीत. मला आईने बोलावलं नाही ना. मी दीपकची आहे. घरची नाही."

मी ताबडतोब कुंपण गाठलं. "काकू, तिला राहायचं नाही असं नाही. ती बोलावण्याची वाट बघते आहे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. डावा डोळा बारीक केला. "कोणी सांगितलं?"

मी हात टेकले.

पुढे आठवडाभर काही झालं नाही. मग एका संध्याकाळी ती आमच्या दारात धावत आली. हातात रंगाची पिशवी तशीच होती. "भिया, वर चला. शोभाताई, तुम्ही पण."

फळ्यांची रांग होती तशीच होती. फक्त कोपऱ्यातल्या कोऱ्या फळ्यांमधली एक ओढून आणून काकूंच्या डाव्या हाताला उभी केली होती. जागा व्हावी म्हणून दीपकला बराच पलीकडे सारला होता. सख्ख्या मुलाला! आणि त्या कोऱ्या लाकडावर, एका ठेंगण्या बाईचा हात सहज पोचेल अशा उंचीवर, हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट उमटलं होतं. खाली चिमूटभर अक्षता पडल्या होत्या.

शोभाने तोंडाला पदर लावला. नाना गेल्यापासून न उघडलेला करंडा काकूंनी उघडला होता.

ती त्या फळीपुढे उभी राहिली, दोन्ही डोळे उघडे ठेवून. "हे कोणी केलं?" असं तिने विचारलं खरं, पण उत्तराची वाट बघितली नाही. खालून स्वयंपाकघरातून भांडी जोरजोरात आपटल्याचे आवाज येत होते. काकू सहसा भांडी आपटत नसत.

तिने स्वतःला काढलं ते त्या कुंकवाभोवती. ते बोट तिने पुसलं नाही, त्यावर रंग चढवला नाही. ते जिथे होतं तिथेच तिचं कपाळ आलं. ती चांगली उंच बाई. तेव्हा इतरांसारखं उभं राहणं जमेना, म्हणून फळीवर ती स्टुलावर बसलेली आहे, काकूंच्या उंचीला. अंगावर पणजीची शाल आणि रंगाचे डाग पडलेली काकूंची जुनी साडी. खांद्यावर एक हात. सुरकुतलेला, मनगटात पाटली. हात तिच्या फळीवर आहे आणि मनगट फळीच्या कडेला संपतं. पुढचा दंड काकूंच्या फळीवर. त्यासाठी तिने काकूंचा खाली सोडलेला हात पुसून पुन्हा काढला.

"माझा हात विचारल्याशिवाय हलवला तिने," काकूंनी दुसऱ्या दिवशी तक्रार केली. "आमची ही अशीच आहे. कोणाला विचारायचं म्हणून नाही."

आमची, म्हणाल्या. मी शोभाला आत जाऊन सांगितलं.

काकू पुढच्या थंडीत गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. किल्ल्यांचा जुडगा उशाशी नव्हता. तो सुनेच्या कमरेला होता, कधीपासून ते मला माहीत नाही, आणि माझ्या नजरेतून तेवढं सुटलं याचं मला आश्चर्य वाटतं.

उन्हाळ्याआधी ती आणि दीपक अमेरिकेला परत निघाले. कॉलनी म्हणाली, बघा, आम्ही काय म्हणत होतो! घर विकलेलं नाही, भाड्याने दिलं आहे, पण कॉलनीचं समाधान झालं. खरी गोष्ट एवढीच की तिकडे तिची आई थकली होती, एकटी होती. इथे ते ज्या कारणाने आले होते, त्याच कारणाने गेले.

फळ्या बांधताना मी मदतीला होतो. सगळ्या गेल्या, फक्त तिची स्वतःची तिने बाजूला काढली. काकूंची फळी मात्र जुन्या रजईत गुंडाळून सगळ्यात वर ठेवली.

"आई कधी विमानात बसली नाही," ती म्हणाली. "आता बसेल. आणि मी इथे राहते. तिला वाटत होतं ना, मी जाणार?"

ती फळी तिने आमच्या बैठकीत, मुलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी उभी केली. निघताना दारातून एकदा वळून बघितलं. डोळा मिटला नाही. शोभाने तिची ओटी भरली. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही उभे होतो.

लाकडावरचं कुंकू हळूहळू झडतं. म्हणून चैत्रात शोभा आधी फळीवर बोट टेकवते, मग आलेल्या बायकांना कुंकू लावते. नवी कोणी आली असली की ती डाळीची वाटी हातात धरून चित्राकडे बघत राहते. रंगांबद्दल कोणी बोलत नाही. परदेशी बाई मराठी घरात काय करते, हेही कोणी विचारत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो.

"हा खांद्यावरचा हात कोणाचा?"

मग शोभा खाली बसते आणि काकूंबद्दल सांगायला लागते, अगदी साखरेच्या डब्याच्या कुलपापासून. मी पलीकडच्या खोलीतून ऐकतो. माझा अजूनही दाट संशय आहे, की तिने ती फळी तेवढ्यासाठीच इथे ठेवली.